अकरा वेळा दहा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी फोनवर बोलण्यात काही अर्थ नाही. रस्ते खात्यात बत्तीस वर्षं रोलरच्या धडधडीत काढलीस, तुझे कान गेले ते गेलेच. मी इकडून घसा फोडते, तू तिकडून हो हो म्हणतोस आणि नंतर वहिनीला विचारतोस की भिंगरी काय म्हणत होती. त्यापेक्षा पत्र बरं. चष्मा लावून नीट वाच.

ह्यांना तो झटका येऊन गेल्यापासून डावीकडचं दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे. डोळे ठणठणीत आहेत, पण डोकं डाव्या बाजूची दखलच घेत नाही, असं डॉक्टर म्हणतात. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहतं आणि हे विचारतात की आज भाजी केली नाहीस का. ताटाचं एक वेळ ठीक आहे, अर्धं जेवण झालं की मी ताट फिरवून देते. रस्ता कसा फिरवून देऊ? रोज सकाळी दहाला समोरच्या घड्याळाच्या दुकानात जायचं म्हणजे जायचंच. चाळीस वर्षं तिथे घड्याळं दुरुस्त केली, आता ते जमत नाही म्हणून नुसत्या किल्ल्या देतात. हात धरून नेते म्हटलं तर फणकारतात, मी काय कुकुलं बाळ आहे का म्हणून. शेवटी मी शिलाई मशीन खिडकीत ओढून घेतलं. हे पलीकडे पोचेपर्यंत माझे पाय मशीनवर आणि जीव रस्त्यावर.

सोमवारी एक मोटरसायकल इतकी घासून गेली की ह्यांच्या डाव्या बाहीचं बटण उपटून गेलं आणि चष्मा फुटला. बटण मला रस्त्यात सापडलं. मी स्वतः लावलेलं ते, दोरा सहा वेळा घेतलेला, सहजासहजी निघणारं नव्हे. हे मात्र म्हणतात, वारा जोरात आला होता.

म्हणून गल्लीची सभा भरवली, आणि दादा, शिसारी आली रे मला माणसांची. स्पीडब्रेकर हवा म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर. कुठे हवा म्हटल्यावर सगळ्यांचे हात खाली. दाताचे डॉक्टर म्हणाले, माझ्या दारात नको, गाड्या आदळल्या की पेशंट दचकतात. कोपऱ्यावरचा ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला, शिकाऊ लोकांच्या गाड्या तिथेच बंद पडतील. निवृत्त मास्तरांनी तर सहा पानी अर्ज लिहून आणला होता. त्यांना एक नाही, दोन हवेत, पण त्यांच्या फाटकापासून पन्नास पावलं लांब, कारण ब्रेकचा आवाज त्यांच्या डोक्यात जातो. असं करत करत तो अर्जातला स्पीडब्रेकर दारोदार फिरला आणि शेवटी गल्लीच्या टोकाला बंद गोदामाच्या भिंतीपाशी जाऊन बसला. तिथे रस्ता ओलांडतं कोण, तर एक मांजर. आमच्या दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतात, त्यामुळे तिथलं काही निघालंच नाही.

तू मला एवढंच लिही की स्पीडब्रेकर नीट कसा असतो. ऑफिसातला माणूस येईल तेव्हा मी त्याला धारेवर धरीन. वहिनीची पाठ कशी आहे? खरं लिही, बरी आहे असं लिहू नकोस.

लोभ आहे तसा राहू दे, थोडा वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चष्मा लावून वाचलं. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं तू एका ओळीत उरकलंस, म्हणून तेवढी ओळ दोनदा वाचली. भाऊजी तुझ्या दारातून ओलांडतात ना? मग स्पीडब्रेकर तुझ्या दारात का नको? बघ बाई, मी फक्त विचारतो.

तुला हवं ते सांगतो. नीट स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद असतो. चढ कळू नये इतका सावकाश चढतो आणि तसाच उतरतो. त्यासाठी लाकडी साचा असतो. एक लांब फळी, तिची खालची कड कमानीसारखी कापलेली. डांबर पसरलं की ती फळी वरून टेकवायची. फटीतून उजेड दिसला तर भर घालायची, फळी टेकेना तर खरवडायचं. पाच मिनिटांचं काम. असा स्पीडब्रेकर असला की गाडी हळू करावीच लागते आणि हळू केली की आतल्या माणसाला काही होत नाही.

पण खरं विचारशील तर मला ह्या वस्तूचा वीट आलेला आहे. तुझी वहिनी बरी नाही. कमरेचा एक मणका दबलाय. आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागतं, टॅक्सीने तीन किलोमीटर, आणि त्या तीन किलोमीटरांत अकरा स्पीडब्रेकर. टॅक्सीवाला सज्जन आहे, गोगलगायीसारखा नेतो, तरी प्रत्येक ठिकाणी पुढचं चाक आपटतं आणि मग मागचं. ती मोठ्याने मोजते. एक, दोन, तीन. सातपर्यंत आवाज येतो, पुढचे चार ओठ चावून. मला बाकी जगाचं काही ऐकू येत नाही, पण तिचे आकडे ऐकू येतात.

एप्रिलच्या सुरुवातीला ऑपरेशन करायचं म्हणतात. दहा दिवसांनी घरी सोडतील आणि त्यानंतर दीड महिना पाठीला एकही धक्का बसता कामा नये. सर्जनने मला बाजूला घेऊन सांगितलं की धक्का बसला तर ऑपरेशनचं सगळं मुसळ केरात, कदाचित पाय उचलणार नाहीत. म्हणून ते अकरा कापून मापात आणावेत, असा अर्ज मी ऑफिसात दिला आहे. कुणी केले, कसे केले, हे आता उगाळण्यात अर्थ नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझ्यावरची माया नेहमीचीच, कमीजास्त करायचं माझं वय राहिलेलं नाही.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं वाचलं. कापायला घेतलेला कोट तसाच टेबलावर पसरलाय. अकरा! कोण रे तो गाढव, ज्याने चालत्या रस्त्यावर अकरा थडगी बांधून ठेवली? त्याला मागच्या सीटवर आडवं घालून त्याच रस्त्याने दिवसातून दहा फेऱ्या मारवल्या पाहिजेत. तू खात्यातला माणूस न् माणूस ओळखतोस. कुठल्या तरी कागदावर त्याची सही असेलच. नाव शोध आणि ऑफिसात उभा कर त्याला. उगाळण्यात अर्थ नाही म्हणे! तू कधीपासून एवढा साधुसंत झालास? लहानपणी मी तुझी एक पेन्सिल घेतली तर आठ दिवस उगाळत होतास.

आमच्याकडे तीच तऱ्हा. ऑफिसातला माणूस येऊन गेला. उंची किती ठेवणार विचारलं तर हवेत हात धरून दाखवलं, एवढी. मी म्हटलं, एवढी म्हणजे किती? तर म्हणतो, बाई, आमचा हाताचा अंदाज असतो. किळस आली मला त्या शब्दाची. मी अंदाजाने कुणाची पँट बेतली तर गिऱ्हाईक ती माझ्याच तोंडावर फेकेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच सांगते, मापाशिवाय कात्री लावायची नाही. इथे मात्र माणसांची हाडं पणाला लावायची आणि माप घ्यायचं नाही! मी पलीकडच्या गल्लीत गेले, फूटपट्टी आडवी धरली, गळ्यातली टेप काढली आणि तिथला मोजला. एकोणीस सेंटिमीटर. एक जण थांबून विचारतो, काकू, रस्त्याला कोट शिवताय का. त्याला म्हटलं, हो, आणि उरलेल्या कापडात तुझं तोंड शिवते.

आणखी एक ऐक. खिडकीत बसल्या बसल्या मी जुन्या चादरीवर खडूने रेघा ओढल्या, कोण भरधाव जातं त्याच्या. चार दिवसांत शंभर झाल्या. त्यातल्या सत्तर आमच्याच गल्लीतल्या गाड्या! म्हणजे ज्यांना दुसऱ्यांच्या वेगाचा त्रास होतो, तेच हे. आणि सगळ्यांत जास्त रेघा कुणाच्या, तर सहा पानी अर्ज लिहिणाऱ्या मास्तरांच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सभेत चादर उलगडून दाखवली तर मास्तर म्हणाले, बायकांनी खिडकीत बसून लोकांच्या रेघा ओढू नयेत. छी! ह्या लोकांना मी इतकी वर्षं कपडे शिवून घातले.

तू तुमच्याकडचे मोजलेस का? आधी मोज. वहिनीला सांग की मी तिच्यासाठी पुढून बांधायचा गाऊन शिवतेय, पाठीला हात न लावता घालता येईल असा.

रागात लिहिलंय, पण लोभात खोट नाही. तुझ्याकडूनही नसावी.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चादर आणि मास्तर वाचून वहिनीला हसू आवरेना. हसली की तिची पाठ दुखते, तेव्हा जरा जपून लिहीत जा.

मोजले. सतरापासून बावीसपर्यंत आहेत. शाळेसमोरचा बावीस. त्याच्यावरून कुणी जातच नाही. गाड्या कडेच्या गटाराला चिकटून वळसा घालतात, म्हणजे नेमक्या चालत जाणाऱ्या पोरांच्या अंगावर. ज्यांच्यासाठी केला, त्यांच्याच मुळावर आलाय.

ऑफिसचं उत्तर आलं. त्या रस्त्यावरील सर्व गतिरोधक ठरलेल्या मापाचे असल्याचा जुना अहवाल दप्तरी आहे, त्यात अकरा ओळी असून प्रत्येक ओळीत उंची दहा सेंटिमीटर अशी नोंद आहे, सबब अर्ज निकाली काढला आहे. अहवालाची प्रत जोडली आहे म्हणून. मी विचारायला गेलो तेव्हा कारकुनाने त्या प्रतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि प्रत माझ्यापुढे सरकवली. मीही तसाच उठून आलो. अर्जाची आणि उत्तराची नक्कल पाठवतो, तुझ्या कामाला आली तर बघ.

ऑपरेशन दोन एप्रिलला ठरलं. हॉस्पिटलजवळ दीड महिन्यासाठी खोली बघून आलो, पण ती ऐकत नाही. म्हणते, मला माझ्या घरी जायचंय, माझ्या पलंगावर पडायचंय. परक्या छताकडे बघत दीड महिना काढला तर पाठ बरी होईल आणि डोकं बिघडेल, असं तिचं म्हणणं.

त्या माणसाचं नाव शोधण्याचा विषय आता पुरे. त्यातून काही साधणार नाही.

तुझ्या घरच्यांना विचारल्याचं सांग, आणि ह्या म्हाताऱ्याला मनातून काढू नकोस.

दादा


१८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी शिंपीण आहे. शिवण कुठे उसवून पुन्हा घातलीय, ते मला न बघता बोटांना कळतं. तुझं पत्र तसं आहे. अर्जाची नक्कल पाठवलीस, उत्तराची पाठवलीस, आणि अहवालाची प्रत मात्र पाकिटात नाही. पाकीट झटकून बघितलं. तू मला कधी अर्धी गोष्ट सांगत नाहीस, मग आता काय झालं? त्या सही करणाऱ्याला तू का पाठीशी घालतोयस? जवळचा मित्र आहे का? असला तर असू दे. वहिनीच्या पायांपेक्षा मोठा मित्र कुठला?

आमचा स्पीडब्रेकर झाला एकदाचा. त्याच गोदामाच्या भिंतीपाशी. रोलर नाही, साचा नाही, फावड्याने थापटून गेले. मी टेप लावली, एकवीस. पहिल्याच सकाळी दूधवाल्याचे सगळे क्रेट उलटले आणि गल्लीचे लोक गॅलरीतून हसत होते. डॉक्टरही हसत होते, मास्तरही. आपल्या दारात नाही ना, मग झालं. इतका तिटकारा आला की खिडकी लावून घेतली.

आणि लावायला नको होती. त्याच दिवशी सायकलवाला ह्यांना धडकला. रात्री सदरा काढताना मला दिसलं, डाव्या कोपरावर हाताएवढा काळानिळा डाग, आणि ह्यांना त्याचा पत्ताच नाही. ह्यांच्या लेखी तो हातच नाही, तर डाग कुठला? मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तू विचारलं होतंस माझ्या दारात का नको. आता खरं सांगते. सभेत मला कळत होतं की तो माझ्याच दारात हवा. ओठावर आलं होतं. पण मनात म्हटलं, धूळ उडेल, आवाज होईल, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, बघू दुसरं कुणी बोलतंय का. दुसरं कुणीही तेवढंच म्हणत होतं. मास्तरांना नावं ठेवायला मी पुढे, आणि सभेत बसले होते मात्र त्यांच्याच रांगेत. आज अर्ज दिला, माझ्या दारात करा म्हणून.

मी माझं सांगितलं. आता तू तुझं सांग. अहवालावर सही कुणाची आहे?

लोभ आहे म्हणून छळते, नसता तर दोन ओळींत आटोपलं असतं.

तुझी,
भिंगरी


२५ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सही माझी आहे.

हे एक वाक्य लिहायला चार दिवस लागले. आता बाकीचं सांगतो, म्हणजे तुला माझी पुरती ओळख होईल.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या रस्त्यावर अपघात झाला, लोक चिडले, वरून हुकूम आला की आठ दिवसांत स्पीडब्रेकर घाला. मी सुपरवायझर. साचा गोदामात होता, आणि तो कायम गोदामातच असायचा. फळी लांब, ट्रकमध्ये घातली की चार माणसांची जागा जाते, म्हणून कुणीच नेत नसे. डांबर तर थांबत नाही, गार झालं की संपलं. लोक भोवती जमले होते आणि ओरडत होते, अजून उंच करा, अजून घाला, मोडू देत साल्यांच्या गाड्या. मी घालत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा पाजला. मला बरं वाटलं, भिंगरे. बत्तीस वर्षांत रस्त्यावर मला टाळ्या मिळालेला तो एकच आठवडा.

आणि अहवाल? तो काम व्हायच्या आदल्या दिवशीच भरलेला असायचा. सगळेच तसं करायचे. टेबलावर बसून एका दमात उंचीच्या रकान्यात दहा, दहा, दहा, अकरा वेळा दहा, आणि खाली सही. खोटं लिहितोय असं वाटलंसुद्धा नाही. तो रकाना भरायचा असतो, एवढंच डोक्यात. मोजायचा असतो हे तेव्हा कुणी बोललं असतं तर आम्ही हसलो असतो.

आता ते कापायचे तर मला लेखी द्यावं लागेल की माझा अहवाल खोटा होता. तीन वेळा लिहिला तो कागद आणि तीन वेळा फाडला. जुने सोबती घरी येऊन सांगून गेले की गप्प बस, तुझा एक उघडला तर आमचे पन्नास उघडतील. त्यांचा राग येत नाही, मी त्यांच्यातलाच. किळस येते ती माझी. टॅक्सीत ती मोजते आणि मी खिडकीबाहेर बघतो. माझ्या हातचे अकरा ती पाठीवर झेलते, आणि तिला ठाऊकही नाही कुणाचे ते. तू लिहिलंस ना त्या गाढवाला मागच्या सीटवर आडवं घाला म्हणून? ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि घडी घालून उशाशी ठेवलं.

दोन तारीख आठ दिवसांवर आली. काय करू ते सांग. तू लहान आहेस, पण तुझी टेप माझ्यापेक्षा खरी आहे.

ह्यानंतर लोभ उरला तर त्यातला थोडा मला ठेव.

दादा


२८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाढव म्हटलं ते परत घेणार नाही. पण गाढव माझं आहे, तेव्हा दुसऱ्या कुणी म्हटलं तर खबरदार.

चुकीची शिवण वरून इस्त्री फिरवून सरळ होत नाही. उसवावीच लागते, आणि उसवताना कापडाला भोकं दिसतात, ती दिसू द्यायची. चौथ्यांदा लिही तो कागद. फाडू नकोस. आणि ऑफिसात जायच्या आधी वहिनीला सांग. ऑपरेशनच्या टेबलावर तिला अर्धवट माहितीनिशी पाठवू नकोस, तेवढं तरी तिचं तुझ्याकडे लागतं.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. तू कधी अंदाजाने काही केलं असशील असं मला वाटलंच नव्हतं. ते मनातून जायला वेळ लागेल, पण तो माझा प्रश्न आहे. तू आधी उठ.

गाऊन पाठवतेय. नाड्या पुढे आहेत. लोभाचं विचारू नकोस, वेड्यासारखं.

तुझी,
भिंगरी


२० एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पडल्या पडल्या पेन चालत नाही म्हणून पेन्सिलीने लिहितेय, अक्षराला हसू नका. गाऊन अगदी बेतशीर झालाय. नर्सबाईंनी तुमचा पत्ता मागून घेतला.

तुमच्या भावाने मला सांगितलं. तीस तारखेला सकाळी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन पलंगाशी उभे राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं, अहवाल, सही, अकरा वेळा दहा. तांब्यातलं पाणी सगळं चादरीवर. मी त्यांना म्हटलं, मला माहीत आहे.

खरंच माहीत होतं, वन्सं. सतरा वर्षांपूर्वी शेवटचा स्पीडब्रेकर करून घरी आले, जेवायला बसले आणि खुशीत म्हणाले की आज अकरावा टाकला, अंदाजेच टाकले सगळे, रस्त्यात कोण माप बघतंय. मी तेव्हा वाढत होते, काही बोलले नाही. नवरा खुशीत असताना कोण बोलतं? पण लक्षात राहिलं. माझी पाठ गेली आणि टॅक्सी पहिल्यांदा आदळली, तेव्हा आठवलं. म्हणून मी मोठ्याने मोजत होते. पाठ दुखते म्हणून ओरडता येतंच की, त्याला आकडे कशाला लागतात? ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जरा जास्तच मोठ्याने. वाटायचं, आज तरी म्हणतील की हे माझे आहेत. म्हणत नव्हते. खिडकीबाहेर बघायचे. वन्सं, दुखण्यापेक्षा मला त्या बाहेर बघण्याची चीड यायची. एकेकदा इतका तिरस्कार वाटायचा त्या पाठमोऱ्या मानेचा की घरी आल्यावर तास न् तास बोलत नसे, आणि ह्यांना वाटायचं पाठ दुखतेय.

पुढचं ऐका. कागद घेऊन गेले तर साहेब दार लावून म्हणाले, हा परत घ्या, आम्ही चार दिवसांत गुपचूप कापून देतो. माझ्यासाठी घेतला असता परत, तर मी काय बोलणार होते? पण नाही घेतला. उलट आणखी सहा रस्त्यांची नावं त्याच कागदाच्या मागे लिहून दिली, जिथे ह्यांनी असंच केलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. आणि चौकशी लागायच्या आत आपलं अंग काढून घ्यावं म्हणून आधी आमच्याच रस्त्याला यंत्र लावलं. कामं कशी होतात बघा. खरेपणाने नाही झालं, भीतीने झालं. चौकशी होणारच आहे, बोलावतील तेव्हा जातील. ह्यांनी मी हॉस्पिटलात जायच्या आधीच घरात नवी फळी कापली, कमान तासली, भुसा माझ्या उशीपर्यंत. ती खांद्यावर घेऊन चार दिवस रस्त्यावर उभे होते आणि एकेक टेकवून बघत होते. पोरं हसत होती.

आता किळस येण्याजोगं सांगते, तुमच्या मास्तरांच्या तोडीचं. मी अजून हॉस्पिटलात होते, तेवढ्यात इथल्या लोकांनी अर्ज फिरवला, चाळीस सह्यांचा. म्हणे, स्पीडब्रेकर आता लागतच नाहीत, पूर्वीसारखे उंच करून मिळावेत, पूर्वीचा सुपरवायझर चांगला होता. तो कागद सहीसाठी आमच्याही दारात आला. तुमच्या भावाने वाचला आणि अर्जाच्या कोऱ्या जागेत नुसता फळीचा आकार काढून परत दिला.

मे महिन्यात ते फळी घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. तुमच्या दारात होईल त्या स्पीडब्रेकरवर स्वतः ती टेकवून बघितल्याशिवाय हलणार नाहीत, असं म्हणतात. भाऊजींना सांगून ठेवा की डावीकडून येतील, दचकू नका.

मला बाराला घरी आणलं. टॅक्सीवाला तोच. हे शेजारी बसले, ह्या वेळी बाहेर बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते आणि तोंड असं की जणू ऑपरेशन ह्यांचंच झालंय. मी सवयीने डोळे मिटले आणि मोजायला लागले. एक म्हटलं. बऱ्याच वेळाने दोन म्हटलं, तेही नक्की होता की नाही कोण जाणे. तीन म्हणायला तोंड उघडलं आणि टॅक्सी थांबली. मी चिडले. म्हटलं, मध्येच का थांबवली, अजून नऊ राहिलेत. डोळे उघडून बघते तर आमचं फाटक.

तुमचा लोभ असावा. तो मात्र अंदाजाने घातलात तरी चालेल.

तुमची,
वहिनी